पुडीतला कडूपणा

मनकर्णा गजभिये कोणत्याही वस्तूवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवायची नाही. हिरडा विकत घ्यायचा तर आधी पाण्यात टाकून पाहायची. बुडला तर चांगला, तरंगला तर परत. सुंठेचा तुकडा मोडून आतलं तोंड निरखायची. वंशलोचन म्हणून कोणी पांढरे खडे आणले की जिभेवर ठेवून डोळे मिटायची आणि बहुतेक वेळा थुंकून टाकायची. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात तिचं पोत्यावरचं दुकान होतं. हिरडा, बेहडा, आवळकाठी, मुरुडशेंग, गुळवेलीच्या कांड्या, आणि घरी कुटून आणलेली दोन-चार चूर्णं. कळमेश्वरच्या पलीकडच्या खेड्यात तिची आई सुईण होती, तिच्याकडून हे ज्ञान आलेलं. छप्पन साली नवऱ्यासोबत दीक्षा घेतली, तेव्हा मनकर्णानं घरातले गंडेदोरे आणि अंगाऱ्याच्या पुड्या स्वतः नाल्यात नेऊन टाकल्या. मुळ्या मात्र ठेवल्या. कोणी विचारलं तर सांगायची, "मंत्र खोटा हाय. मुळीले मंत्र लागत नाही."

इंदोऱ्याच्या वस्तीत तिच्या शेजारी तुळसाबाई राहायची. तीस वर्षं रेजा म्हणून बांधकामांवर राबलेली, डोक्यावर घमेलं घेऊन शिड्या चढलेली. साठीला आली तेव्हा तिचे गुडघे जवळजवळ गेले होते. पाऊस लागला की सकाळी खाटेवरून उतरायला तिला भिंत धरावी लागे. मनकर्णा तिला एरंडमुळाचा आणि सुंठेचा काढा द्यायची, निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायची.

"कवा मोकळे होतील वं माहे गुडघे?" तुळसाबाई विचारायची.

"मोकळे नाही होत आता. दुखणं कमी होईल. सहा महिने धीर धर."

"सहा महिने मी राहीन काय?"

पंच्याहत्तर सालच्या पावसाळ्यात जरीपटक्याच्या मागच्या गल्लीत महादेवराव नावाच्या वैद्यांनी एक खोली घेतली. उंच, स्वच्छ धोतर, हळू बोलणं. रोग्याची नाडी बराच वेळ धरून ठेवायचे. सांधेदुखीवर ते एक पुडी द्यायचे, सकाळी दुधातून. तुळसाबाईचा मुलगा रुपराव तिला सायकल रिक्षात घालून तिकडे घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी तुळसाबाई स्वतःच्या पायांनी नळावर आली. बाया भांडी ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. आणि ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, पांढरं लुगडं नेसून ती इंदोऱ्यापासून दीक्षाभूमीपर्यंत पायी गेली. वाटेत दोनदा बसली, पण गेली. परत आल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सगळ्यांना आनंद झाला. मनकर्णालाही झाला, पण तिच्या मनात एक खडा रुतला. तीन दिवसांत? तिच्या आईनं, आईच्या आईनं ज्या मुळ्या ओळखल्या, त्यातली एकही तीन दिवसांत गुडघा सोडवणारी नव्हती.

तिनं तुळसाबाईकडून एक पुडी मागून घेतली आणि घरी येऊन चिमूटभर जिभेवर ठेवली. सुंठ लागली. मेथी लागली. थोडा गुग्गुळ. मग मागून एक कडूपणा आला. मनकर्णाला कडू चवी ओळखीच्या होत्या. काडेचिराईत वेगळं, कुड्याची साल वेगळी, कडुलिंब वेगळा. प्रत्येकाला आपापला वास असतो. या कडूला वासच नव्हता. जिभेच्या मुळाशी तो बसून राहिला, पाणी पिऊनही जाईना.

"त्या पुडीत काही तरी हाय," ती नळावर म्हणाली.

"हाय नं, गुण हाय," एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. हसण्याचा अर्थ मनकर्णाला कळला. तिच्या पोत्यावर आता म्हातारी गिऱ्हाइकं येत नव्हती, सगळी मागच्या गल्लीत जात होती. ती जळते आहे, असं वस्तीत बोललं जात होतं. सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाही ते खोटं वाटत नव्हतं. दुपारी रिकाम्या पोत्यावर बसून ती स्वतःशी तपासून बघायची, हा संशय पुडीचा आहे की आपल्या पोटदुखीचा?

मग ती बघायला लागली. हिवाळा सरता सरता तुळसाबाईचा चेहरा भरला. गाल गोल झाले. भूक इतकी वाढली की रुपरावच्या बायकोला दोनदा भाकरी थापाव्या लागत. "सासूनं अंग धरलं," ती कौतुकानं सांगायची. पण हात-पाय बारीकच होते. दंडावर कुठे टेकलं तरी जांभळा डाग उठायचा. बाभळीचा काटा पायात गेला, तर ती जखम महिना झाला तरी ओलीच होती. मनकर्णानं बाजारात नीट पाहिलं, तर आणखी दोन म्हाताऱ्यांचे चेहरे असेच गोल झाले होते, जणू एकाच साच्यातून काढलेले.

एप्रिलमध्ये ती रोगी बनून महादेवरावांकडे गेली.

"गुडघे धरते," तिनं सांगितलं.

त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं. मनकर्णा त्यांच्या बोटांकडे बघत होती. अंगठी मांसात रुतली होती. मग तिनं नजर वर केली. महादेवरावांचा चेहराही गोल होता, लालसर, तकतकीत.

"तुमी बी घेता काय हे औषध?"

"वर्ष झालं," ते अभिमानानं म्हणाले. "कंबरेनं मी वाकून गेलो होतो. आता पाहा."

"कोणत्या मुळ्या हायेत याच्यात?"

"आठ वनस्पती माझ्या. नववं भस्म. ते एक व्यापारी आणून देतो, तोच बनवतो."

"बनवताना पाहिलं तुमी?"

महादेवराव हसले. "बाई, तुम्ही डाळ घेताना शेत पाहायला जाता का?"

"मी जडी घेतो तं रान पाहाले जातो," मनकर्णा म्हणाली.

त्यांनी हात सोडला. पुडी देताना त्यांच्या बोलण्यातला गोडवा थोडा कमी झाला होता. मनकर्णा बाहेर पडली ती एकच विचार घेऊन: हा माणूस पक्का आहे. लोकांचा विश्वास बसावा म्हणून स्वतःसुद्धा खातो. त्या माणसालाही कोणी फसवलं असेल, हे तेव्हा तिच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर तिनं जे केलं, ते तिनं कोणालाही न विचारता केलं. घरी बसून सुंठ आणि मेथी बारीक कुटली, वर्तमानपत्राच्या कागदात तशाच घड्यांच्या वीस पुड्या बांधल्या. तुळसाबाई नळावर गेली होती, सून अंगणात गहू निवडत होती. "लोटा घ्याले आली वं," असं म्हणत मनकर्णा आत गेली. चुलीमागच्या बिस्किटांच्या डब्यातल्या पुड्या काढल्या, आपल्या ठेवल्या. आपण मैत्रिणीला वाचवतो आहोत, असंच तिला वाटत होतं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तुळसाबाई म्हणाली, अंग मोडून आलं आहे. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. मे महिन्याला तोंड लागलं होतं, दुपारी रस्त्यावर डांबर मऊ होत होतं. सगळे म्हणाले लू लागली. सुनेनं कांदा ठेचून तळपायाला चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. मनकर्णाही म्हणाली, "हो, लू दिसते." तसं असावं अशी तिची मनापासून इच्छा होती. चौथ्या दिवशी सकाळी तुळसाबाईची मान सावरेना, हाक मारली तरी डोळे उघडेनात.

दवाखान्यात अरुंधती नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सलाइन लावलं, ओल्या चादरीत गुंडाळायला सांगितलं, पुन्हा पुन्हा रक्तदाब मोजला. तो वर येईना.

"काही औषध चालू होतं का?" त्यांनी रुपरावला विचारलं.

"देशी पुडी फक्त. गुडघ्याची. ते तं आजवर कधी चुकली नाही. काल बी घेतली."

मनकर्णा दाराजवळ उभी होती. तिला वाटलं, गप्प राहिलं तर कोणाला कधीच कळणार नाही. बिस्किटांच्या डब्यात पुड्या आहेतच, तशाच कागदातल्या. खाटेवर तुळसाबाईचं तोंड उघडं पडलं होतं, ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

"नाही घेतली," ती म्हणाली.

रुपरावनं मागे वळून पाहिलं. "काय म्हणून राहिली तू?"

"चार दिवसांपासून नाही घेतली. मी बदलल्या पुड्या. त्या पुडीत काही तरी खोटं होतं, म्हणून मी काढून घेतल्या. ह्या पाहा." तिनं कमरेच्या चंचीतून एक पुडी काढली.

रुपराव तिच्या अंगावर धावून आला. डॉक्टरीणबाई मध्ये उभ्या राहिल्या, पण त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्या तुळसाबाईच्या गोल चेहऱ्याकडे, दंडावरच्या जांभळ्या डागांकडे, न भरलेल्या जखमेकडे बघत होत्या, जणू आताच ती बाई त्यांना दिसली. मग त्या भराभरा नर्सला काही बोलल्या आणि एक इंजेक्शन आणवलं. दुपारपर्यंत रक्तदाब वर आला. संध्याकाळी तुळसाबाईनं पाणी मागितलं.

डॉक्टरीणबाईंनी मनकर्णाला व्हरांड्यात बोलावलं. त्या दमल्या होत्या आणि चिडल्याही होत्या.

"पुडीत स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली असणार. दुखणं पटकन थांबतं, पण शरीर आतून पोखरलं जातं. आणि आपल्या शरीरात तसलंच एक द्रव्य बनत असतं. बाहेरून रोज मिळायला लागलं की शरीर ते बनवायचं सोडून देतं. मग एकदम बंद केलं की माणूस असा कोसळतो. थोडं थोडं करून, महिनोन्महिने कमी करावं लागतं. तुम्ही ओळखलंत बरोबर. पण तुमच्या हातून ही बाई मेली असती. माझ्याकडे पुडी घेऊन का नाही आलात?"

मनकर्णा खाली बघत म्हणाली, "तुमच्यावर बी भरोसा नव्हता, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती महादेवरावांकडे गेली. बातमी आधीच पोचली होती. ते उभेच राहिले, बसा म्हणाले नाहीत.

"तुमचं दुकान चालत नाही म्हणून माझ्या रोग्यांची औषधं चोरता? वरून मलाच बदनाम करता?"

"तुमाले बदनाम कराले नाही आली," मनकर्णा म्हणाली. "एवढंच सांगाले आली, तुमी पुडी एकदम बंद करू नोका. कोणालेच बंद करू देऊ नोका. दवाखान्यात जा, त्या डॉक्टरीणबाई सांगतील कशी कमी कराची."

जिला आपलं औषध बंद पाडायचं आहे, ती बाई बंद करू नका म्हणते आहे, याचा अर्थ लावायला महादेवरावांना वेळ लागला. मग ते आत गेले, पत्र्याचा एक डबा घेऊन आले. त्यातलं पांढरं भस्म त्यांनी नुसतंच, काही न मिसळता, जिभेवर ठेवलं. भस्माला चव नसायला हवी होती, हे मात्र कडू होतं; त्यांचा चेहरा बदलत गेला. ते तसेच पाटावर बसले.

"वर्षभर मी हे दुधातून घेतो आहे," ते म्हणाले. "नुसतं कधी चाखलं नाही."

डबा ते स्वतःच दवाखान्यात घेऊन गेले. तपासणीचा कागद यायला पावसाळा उजाडला. त्यात डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्यासारखंच निघालं. तोवर त्यांनी महादेवरावांच्या वहीतली नावं काढून एकेका रोग्याला बोलावून घेतलं होतं. भस्म आणून देणारा व्यापारी पुन्हा नागपुरात दिसला नाही. महादेवरावांनी पाटी उतरवली. त्याच खोलीत ते राहिले. चेहऱ्याची सूज उतरली, कंबर पुन्हा वाकली. त्यांना खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे मनकर्णाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. रस्त्यात भेटले तर ती मान हलवायची, इतकंच.

या सगळ्यात तिचंही नाव गेलं. कुटलेल्या कोणत्याही वस्तूला लोक घाबरू लागले, आणि जी बाई दुसऱ्याच्या डब्यात हात घालते तिच्या पुडीला तर जास्तच. मनकर्णानं चूर्णं विकणं सोडलं. सबंध मुळी, सबंध फळ समोर ठेवायची. "पाहा, वास घ्या, तुमच्या घरी नेऊन तुमच्या हातानं कुटा," म्हणायची. आणि देण्याआधी एक प्रश्न ठरलेला: दुसरं कोणतं औषध चालू आहे? नीट सांगितलं नाही तर ती देतच नसे. गिऱ्हाईक चिडून जाई, तर जाऊ देई.

तुळसाबाईला दवाखान्यातून मिळणारी गोळी आठ महिन्यांत थोडी थोडी कमी होत बंद झाली. जखम भरली, चेहरा सुकला, आणि गुडघे जिथे होते तिथे परत आले. वर्षभर ती मनकर्णाशी बोलली नाही. मग एका सकाळी काठी टेकत, भिंत धरत तिच्या ओट्यावर येऊन बसली.

"निर्गुडी हाय काय?"

"हाय." मनकर्णानं तवा ठेवला.

पाला गरम होत आला. मग तुळसाबाई म्हणाली, "मी दीक्षाभूमीवर पायी गेली होती. तुले मालूम हाय काय, ते काय होतं माह्यासाठी?"

"मालूम हाय."

"मले सांगाचं होतं तुनं. मी आयकली असती असं नाही. मी भांडली असती, पुडी सोडली बी नसती. पण माह्या डब्यात हात घालण्याच्या आंधी मले सांगाचं होतं."

मनकर्णानं पाला तिच्या गुडघ्यावर ठेवला, वरून फडकं बांधलं. "हो," ती म्हणाली. "सांगाचं होतं."

तुळसाबाई त्यानंतर दहा वर्षं जगली. लांब कधी चालली नाही, पण रोज सकाळी काठी टेकत त्या ओट्यापर्यंत यायची.