रजिस्टरातल्या टिकल्या

"या सरूबाई कुठे आहेत?" तपासणीला आलेल्या मॅडमनं रजिस्टरावर बोट ठेवून विचारलं.

मी पुढच्या डाव्या सीटकडं बघितलं. "हितंच," म्हणलो.

सीट रिकामी होती. मागनं अकरा पोरी माझ्याकडं बघायला लागल्या.

गाडी एका ट्रस्टच्या देणगीतली. खटकचिंचोळीकडच्या पोरी भालकीच्या कॉलेजात न्यायच्या, परत आणायच्या. मी ड्रायव्हर. देणगीवाल्यांचा एकच कडक नियम, गाडीत महिला अटेंडंट पाहिजे. म्हणजे पोरी चढल्या-उतरल्या बघणारी, दुखलं-खुपलं तर सांभाळणारी बाई. ती माझी बायको होती, सरू. पाण्याच्या टाकीवरून आमची धनगर गल्ली अन् बौद्ध गल्ली भांडली, तवा पोरी बी वेगळ्या बाकांवर बसायला लागल्या. सरूनं दम दिला, "जी आधी चढंल ती खिडकीपाशी. गल्ली खाली ठेवून या." तवापासून गाडीत तरी भांडण न्हाई.

तिला लिहिता येत नव्हतं. अंगठ्याची शाई लुगड्याला लागते म्हणून सहीच्या जागी रोज एक टिकली चिकटवायची. मग सरू वारली. टिकल्यांचं पाकीट गाडीतच राहिलं. सकाळी तुरीच्या रानातनं धुकं सरकायचं, काचेवर कायतरी उजळायचं, बांगड्या वाजल्यागत व्हायचं. मग मी एक टिकली काढून तिच्या रकान्यात लावायचो. पगार तिचा कवाच बंद झाला होता, लबाडी न्हवती ती. मला ती खरंच दिसायची.

ट्रस्टच्या ऑफिसनं दुसरी बाई बघा म्हणून सांगितलं होतं. बौद्ध गल्लीतली रत्नाबाई तयार होती, दहावी शिकलेली. मीच तिला म्हणलो, "सीट भरल्याली हाय."

"बाबा, अटेंडंट नसेल तर उद्यापासून गाडी बंद," मॅडम म्हणाल्या.

"मी हाय की."

"तुम्ही रस्ता बघणार की मुली?"

मागनं आमच्याच गल्लीतली सविता बोलली, "अप्पा, परवा मला चक्कर आली. पोरी वरडायल्या होत्या. तुमी त्या सीटसंगं बोलायला होता."

मला जाग आल्यागत झालं. परीक्षा आठ दिवसांवर. गाडी बंद म्हणजे बापांनी पोरी घरी बसवल्या असत्या.

संध्याकाळी रत्नाबाईच्या दारात गेलो. भांडणापासून आमच्यातलं कुणी तिथं गेलं नव्हतं.

"कामून आलाव, अण्णा? सीट रिकामी झाली व्हय?"

"न्हाई झाली. तरी बी ये."

तिनं चहा ठेवला. मी पिलो.

"सरूक्का म्हणायची, आमचा माणूस गाडी नीट चालवतो, डोकं न्हाई."

"खरं म्हणायची," मी म्हणलो.

दुसऱ्या दिवशी ती बसली, बसल्या बसल्या काच खाली केली. सरू काच वरच ठेवायची. धुकं आत आलं, थोडं माझ्या मांडीवर बसलं, गेलं. रत्नाबाईनं रजिस्टरात ठसठशीत सही केली, मग मागं वळून पोरी मोजल्या. पाकिटात तीन टिकल्या उरल्या होत्या. पाकीट खिशात घातलं अन् गेर टाकला.

पोरींनी सगळे पेपर दिले.

सांगायचं एवढंच, हजेरी ज्याची त्यानंच लावावी. मेलेल्या माणसाची लावत बसलं की मागं बसलेली जिती पोर दिसत न्हाई.