वाढत्या अंगाची टाकी

मध्यभारत हे राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मुलीनं बोटाएवढी मरळ पाळली होती, म्हणून मी पोलोग्राउंडच्या काचवाल्याकडे माशाची टाकी करायला सांगायला गेलो. दोन फुटी म्हणालो, कारण आमचं टेबल तेवढंच होतं.

त्यानं फरशीवर खडूनं दोन फुटी लांबट चौकोन आखला. आत स्वतःचा हात कोपरापासून आडवा ठेवला आणि माशासारखा वळवून पाहिला. कोपर रेघेबाहेर गेलं.

"भिया, पोरीचा परकर वाढत्या अंगाचा शिवता ना? ही मरळ हातभर होईल. चार फूट पाहिजे."

"खोली लहान आहे हो."

"ते मरळीला थोडीच मालूम!" म्हणत त्यानं चौकोन पायानं पुसला.

टेबल ओसरीत गेलं. दोन वर्षांत मरळ खरंच हातभर झाली. टाकीत ती आरामात वळायची. खोलीत आम्ही कडेकडेनं चालायचो.