ताप येईल हे लपवलं

२०२१च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिंडोरीत द्राक्षछाटणीला आलेल्या एका मजूर बाईला मी फसवलं. छाटलेल्या काड्यांना लावायच्या पेस्टचा उग्र वास आला की ती आठवते. करोनाच्या लशीचा प्रचार करताना मी तिची अख्खी टोळी रांगेत उभी केली होती. "ताप येतो का गं, ताई?" तिनं विचारलं. "छे, मुंगी चावल्यासारखं!" मी ठोकून दिलं. सकाळी ती बांधावर गोधडीत कुडकुडत होती. लशीमुळे शरीर विषाणूशी लढायला शिकतंय, म्हणून हा ताप, असं मी तेव्हा कुठे सांगितलं. "ही कसली मुंगी? काल का नाय बोललीस? आता तुझं कोण ऐकंल?" दुसऱ्या डोसला टोळीतलं कुणीच आलं नाही. अडाणी ते नव्हते, खोटारडी मी होते. तुम्ही लशीचा प्रचार करत असाल, तर ताप येऊ शकतो आणि तो का येतो, हे सुई टोचण्याआधी सांगा.