ट्रंकेवरचा साहेब

माझं शुद्धलेखन कच्चं, अक्षर वाकडं. चौथीच शिकले. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आज शेजारची मुलगी आरशासमोर इंग्रजी बोलत होती आणि दाढीच्या साबणाचा वास आल्यासारखं वाटलं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबागच्या चाळीत आमची खोली. मिल सुटल्यावर हे दादरला इंग्रजी बोलायच्या क्लासला जात. फीसाठी मी बायकांच्या भिशीचा पहिला नंबर मागून घेतला होता. गोदीत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखत होती.

एका सकाळी दाढी करताना हे म्हणाले, "तू साहेब हो. ट्रंकेवर बस आणि विचार, व्हॉट इज युवर नेम?"

"इश्श! गॅलरीत बायका ऐकतायत. उद्या विचारते."

हे हसले आणि साबण लावलेल्या तोंडाने आरशालाच नाव सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी हे मोर्चाला गेले. गोळीबार झाला. हे परत आले नाहीत.

भिशीतल्या बायका म्हणाल्या, "वयनी, ऱ्हवांदे. आता नको भरू."

मी खानावळीच्या पोळ्या लाटून दर महिन्याला भरत राहिले. शेवटचा हप्ता द्यायला निघाले त्या दिवशी ट्रंकेवर बसून आरशाला मोठ्याने विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

गॅलरीतल्या बायकांनी आत डोकावलं. मी बाहेर जाऊन पैसे दिले. भिशी पूर्ण फिटली.