वीरभद्र सरांचं ‘लुक आफ्टर’

“अर्थ पाठ करू नका रे, वापरून बघा,” असं सिरसाळ्याचे वीरभद्र सर उठता-बसता म्हणायचे. बापाचं किराणा दुकान धाकट्या भावाच्या हाती देऊन हा माणूस साखर कारखान्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला, त्याला एकवीस वर्षं झाली होती. कारखाना सहकाराचा, शाळाही त्याचीच. त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा हुकला. ऊस उभ्या उभ्या वाळला, बॉयलर पेटलाच नाही, आणि वस्त्यांवरची माणसं ऊसतोडीसाठी लांब कर्नाटकात निघाली.

दिवाळीच्या तोंडावर सरांनी दहावीच्या फळ्यावर लिहिलं, लुक आफ्टर.

“लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर,” मागच्या बाकावरून आवाज आला. “नंतर बघू. आमच्या सरपंचावाणी.”

वर्ग हसला. सरही हसले.

“दोन शब्दांची सोयरीक झाली की गोत्र बदलतं, बाबांनो. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. लेकरू सांभाळतात, म्हातारं माणूस सांभाळतात, शेजारी गावाला गेला तर त्याचं घर सांभाळतात. नुसतं टकामका बघणं म्हणजे लुक ॲट. आता वाक्य करा. आपल्या घरातलं. पुस्तकातलं चालायचं नाही.”

गंगासागरनं लिहिलं, आय लुक आफ्टर माय सिस्टर. सरांनी तिची वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली. ही पोर परळीला शिकून नर्स होणार, असं त्या दिवशी ते शिपायालाही सांगत सुटले. गंगासागरनं ते ऐकलं आणि तिला ते खरं वाटलं.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी वस्तीवर ऊसतोडीला नेणारा ट्रॅक्टर आला. गंगासागर भांडी पोत्यात भरत होती, तेव्हा सर उन्हातून चालत वस्तीवर आले.

“बायनाबाई, पोरीला ठेवून जा,” ते तिच्या आईला म्हणाले. “मार्चात परीक्षा हाय. आमच्याकडं राहील. आमची मंडळी लेकीसारखं करतील.”

बायनाबाईनं मांडीवरचं तान्हं खांद्यावर घेतलं. “तुमी सांभाळाल, सर, मला ठावं हाय. पर ह्या तान्हीला कोन सांभाळील? आमी दोगं दिसभर फडात. मागल्या साली मधली पोरगी उसाच्या पाचटावर निजली व्हती. ट्रॅक्टर मागं सरकला…”

“मग धाकटीलाबी ठेवा.”

“अंगावर पितीया अजून.”

सरांनी किती बापांशी भांडून पोरं चालत्या ट्रॅक्टरवरून उतरवून घेतली होती, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. गंगासागर पोत्याचं तोंड धरून त्यांच्याकडं बघत राहिली. सरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुसतच राहिले.

“सर, सांगा की आईला,” ती म्हणाली.

“घेऊन जा,” ते बायनाबाईला म्हणाले. मग गंगासागरला, तिच्याकडं न बघताच, म्हणाले, “बहिणीला खाली ठेवू नको, पोरी. क्षणभरबी नको.”

ते सिरसाळ्याच्या वाटेला लागले. चाल नेहमीपेक्षा संथ होती, एक हात चष्म्यासकट तसाच पुढं धरलेला. तोवर ट्रॉलीत सामानावर चढून बसलेली गंगासागर, बहिणीला छातीशी घट्ट धरून, त्यांची पाठ बाभळींआड जाईपर्यंत बघत होती.