पेपरातलं चौकोनी भोक

कोडं सोडवताना भाऊजी पेन्सिलीचं टोक जिभेवर घासायचे. दहा वाजेपर्यंत त्यांची जीभ काळी झालेली असायची, आणि त्याच जिभेनं ते मला चहा मागायचे. तोही सरळ नाही. “वहिनी, डोंगरावरची पानं आणि म्हशीची मेहेरबानी. दोन अक्षरं.”

“तोंड धुऊन या, मग अक्षरं मोजा,” मी म्हणायची.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पाटबंधारे खात्यात कारकून होते. लग्न केलं नाही आणि निवृत्त झाल्यावर नांदेडला आमच्याच घरी राहायला आले. पेपरातलं शब्दकोडं हा त्यांचा एकच धंदा. सुटलेलं कोडं ब्लेडनं कापायचं आणि शिळ्या भातानं वहीत चिकटवायचं. भात वाळला की झुरळं यायची. वह्या गादीखाली असायच्या. अंथरूण झाडताना त्या वासानं मला मळमळायचं. शिवाय पानापानावर तपकिरीचे डाग. मी म्हटलं, डिंक आणा. म्हणाले, “डिंकाला पैसे पडतात. झुरळं फुकट आहेत.”

रविवारचं कोडं एकाच विषयाचं असायचं. कधी सगळी भांडी, कधी सगळी नाती, कधी सगळे दागिने. प्रत्येक ओळ वाकडी करून लिहिलेली. नथ म्हणायचं असेल तर नाक सोडून सगळ्या जगाबद्दल बोलायचं. उत्तरं पुढच्या रविवारी. एकदा छापलेलं उत्तर भाऊजींच्या उत्तराशी जुळलं नाही, तर दिवसभर ते पेपरवाल्यांना शिव्या देत बसले. मी विचारलं, हे असं वाकडं कशाला लिहितात? “सरळ सांगितलं तर डोक्याला काम काय राहील, वहिनी?” म्हणाले.

डोक्याला काम मिळावं म्हणून हा माणूस घरातही सरळ बोलत नसे. माझा नवरा दवाखान्यात होता, तेव्हा डॉक्टरांना भेटून भाऊजीच बाहेर आले. मी विचारलं, काय म्हणाले? “घरी न्या म्हणाले,” असं सांगून ते खिडकीकडे बघत राहिले. मी घरी येऊन अंथरूण धुतलं, शिरा केला. माणूस बरा झाला म्हणून नव्हे, आता उपाय नाही म्हणून घरी पाठवतात, हे मला दुसऱ्या दिवशी नर्सनं सांगितलं.

मी चौथी शिकलेली. दुपारी पेपर माझ्या हाती यायचा, तेव्हा त्यात चौकोनी भोक असायचं. भोक सोडून बाकी मी सगळं वाचायची, निधनाच्या बातम्या आणि जाहीर नोटिसासुद्धा. गावाकडचं कोणी असतं म्हणून.

एका रविवारी कोड्याचा विषय शेती होता. भाऊजी आयुष्यभर सरकारी क्वार्टरात राहिलेले. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “दोन शेतांच्या मधी पडून असतो, पण भावाभावांना उभं करतो. दोन अक्षरं.”

“बांध,” मी म्हटलं. “त्यात काय एवढं?”

खूश होऊन गेले.

पुढं काही आठवड्यांनी हदगावहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. “अक्का, शेतावर पाणी सोडलंस का? तुझा भाऊ सगळं रान इकून राहिला. पेपरात नोटीस आली, मुदत संपली, तू कायबी बोलली न्हाईस. अक्काची मंजुरी हाय म्हणून गाव बोलून राहिलं.”

वडिलांच्या त्या रानात माझाही हिस्सा. मी रद्दीतून त्यानं सांगितलेल्या तारखेचा पेपर काढला. भोक. गादीखालची वही काढली, शेतीच्या त्या कोड्यावर पाणी मारलं आणि कागद सोलला. चौकोनांच्या पाठीमागं माझ्या गावाचं नाव होतं, वडिलांचं नाव होतं, आणि कोणाची हरकत असल्यास कळवावे, असं होतं.

भाऊजींसमोर तो ओला कागद धरला. त्यांनी वाचला. “वहिनी, कागदाला दुसरी बाजू असते, म्हणजे…”

“सरळ बोला.”

चप्पल घालून तपकीर आणायला निघून गेले. त्या दिवशी जेवायला आले नाहीत. मीही ताट वाढलं नव्हतं.

मी दावा लावला. घेणाऱ्याच्या वकिलाचं म्हणणं एकच, बाई रोज पेपर वाचतात, माहीत असून गप्प राहिल्या. माझी वकीलबाई म्हणाली, दिरांची साक्ष लागेल. मी म्हटलं, “त्यांना हो की न्हाई म्हणता येत न्हाई, बाई. गेलं शेत.”

भाऊजी धुतलेला सदरा घालून पिंजऱ्यात उभे राहिले. घेणाऱ्याच्या वकिलानं माझ्याकडे बोट करून विचारलं, यांना वाचता येतं का?

“येतं. रोज वाचतात.”

मग नोटीस वाचलीच असेल.

“नाही. त्यांच्या हाती पेपर जायच्या आधी मी तेवढा तुकडा कापून नेला होता. मागं काय आहे ते मी बघत नाही.”

कशासाठी कापला?

“कोड्यासाठी.”

लोक हसले. भाऊजी थांबले नाहीत. “त्यांचं शेत माझ्यामुळं जातंय, साहेब. त्यांना काही माहीत नव्हतं.”

येताना बसमध्ये मी त्यांच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. बरं वाटण्याऐवजी चीडच आली. ही जीभ अशी सरळ चालत होती, तर दवाखान्याच्या दारात तिला काय झालं होतं?

विक्री थांबली. पुढं भावानं तडजोड केली, माझी वाटणी वेगळी झाली, आणि त्यात मी गहू घेतला. पोती नांदेडला आली त्याच उन्हाळ्यात भाऊजी गेले. झोपेतच गेले.

तेरवीला पोळ्या केल्या. शेजारीण म्हणाली, “वैनी, दिरासाठी घरच्या शेतातला गहू काढलात की.”

“घरात दुसरा न्हाई,” मी म्हटलं.

पण तो गहू निवडायला मी कोणाला हात लावू दिला नव्हता.