आर्टला नाव घालायचं

डहाणूच्या कॉलेजात प्राचार्य म्हणून माझी सगळी वर्षं एकाच प्रश्नाला तोंड देण्यात गेली: मराठी, इतिहास शिकून पोटाला काय मिळणार? हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला तो आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी. घोलवडचे चिकूबागायतदार, माणूस दिलदार, पण कला शाखेचा विषय निघाला की कपाळाला आठ्या. शेवटी त्यांनी बजावलं, "मॅडम, यंदा बी.ए.चा पहिला वर्ग भरला नाही, तर मी कुलूप लावणार. मग माझ्याशी भांडू नका." मी भांडलेच. पण आतून टरकले होते.

प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला तरी वर्ग भरलेला नव्हता. नरपड, चिखल्याच्या मुली कॉमर्सला गेलेल्या. दुपारी तलासरीकडच्या पाड्यांवरून एक जीप आली आणि आयांसकट मुलींचा घोळका ऑफिसात शिरला. "आर्टला नाव घालायचं." आमचे हेडक्लार्क खुर्चीतून उठलेच! तेवढ्यात पुढची बाई मला म्हणाली, "पोरीचा हात चांगला. तू कागदावर शिकव, मंग इकता येल."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना आर्ट म्हणजे वारली चित्रं वाटली होती! हेडक्लार्क मला गप्प राहा म्हणून खुणावत होते. पण गप्प राहायचं म्हटलं की माझं घोडं तिथेच पेंड खातं. "बाई, इथे चित्र काढायला शिकवत नाहीत," मी सांगून टाकलं. मुली दाराकडे वळल्या. हेडक्लार्कनी कपाळावर हात मारला.

ती बाई मात्र जागची हलली नाही. उलट चिडली. "काढतं कोण? लग्नात चौक लिवतात."

लिवतात! अगं बाई, खरंच की. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा असतो, काढायचा नसतो.

"आणि त्या चौकापुढे लग्न लावणारी बाई, धवलेरी, गाते, ती गाणी कोण लिहितं?" मी विचारलं.

"कोणी नाय. माझी सासूच धवलेरी. ती गेली का गाणी गेली."

"ती लिहून घ्यायला शिकवतो आम्ही. त्यांचा अर्थ लावायला, ती कुठून आली ते शोधायला. विकता काही येणार नाही, हे आधीच सांगते."

ती मुलीशी त्यांच्या बोलीत भराभर बोलली, मला अर्धंच कळलं. मी पदराचं टोक पिळत उभी. इतकी धाकधूक मला माझ्या मुलाखतीतही झाली नव्हती.

"मंग लिव," ती म्हणाली.

"काय?"

"हिचं नाव लिव. म्हातारी हाय तवर शिकू दे."

दारातल्या मुली एकेक करून परत आल्या. हुश्श! अध्यक्षांना फोनवर "वर्ग भरला" एवढंच सांगता आलं, पुढे मला रडूच फुटलं.

"अहो, रडता कशाला?" ते म्हणाले. "आणलेलं कुलूप बागेच्या फाटकाला लावतो."